शिखराचं चटईक्षेत्र

कोणत्याही पराक्रमाला दोन गोष्टी लागतात. पराक्रम करणारी व्यक्ती आणि सत्कारासाठी मोकळी तारीख. पैकी व्यक्ती मिळणं तुलनेनं सोपं. दर रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी अशा व्यक्ती शेकड्यांनी उभ्या असतात आणि त्यांतल्या काही तर गाडी पायथ्यालाच ठेवतात. तारखेचं तसं नाही. तारीख एकदा गेली की गेली. म्हणून सुज्ञ समाज आधी तारीख धरतो, मग हार सांगतो, मग फ्लेक्स छापतो आणि पराक्रम तेवढ्या मुदतीत उरकून घेतो.

वाघोलीच्या ‘आल्प्स व्ह्यू, फेज दोन’ या सहकारी गृहनिर्माण संस्थेनं २०१३ सालच्या जुलैत हेच केलं. (फेज एक अजून पायाच्या खड्ड्यात आहे. आल्प्स दिसत नाहीत. दगडाची खाण दिसते. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचतं, तेव्हा माहितीपत्रकातलं ‘लेक फेसिंग’ हे विधान चार महिने खरं असतं.) संस्थेत एकशे चौऱ्याऐंशी सदनिका आहेत, मजले अकरा आहेत आणि लिफ्ट दोन आहेत. एक बंद आहे, दुसरी यायची आहे.

नवव्या मजल्यावर दीपाली गजभिये राहत. मूळच्या भंडाऱ्याच्या, शिक्षणानं इंजिनिअर, नोकरी खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्यांचं काम चाचणीचं. म्हणजे इतरांनी तयार केलेला प्रोग्रॅम तपासायचा, तो कुठं मोडतो ते शोधायचं आणि ग्राहकाला द्यावा की न द्यावा याचा अहवाल लिहायचा. चौदा वर्षांत त्यांनी एकसष्ट अहवालांच्या शेवटी ‘देऊ नये’ असं लिहिलं होतं. त्या एकसष्ट वेळांपैकी एकसष्ट वेळा प्रोग्रॅम ठरल्या तारखेला दिला गेला होता. त्यांनी शोधलेल्या चुका एका वेगळ्या कागदावर ‘ज्ञात त्रुटी’ या मथळ्याखाली जोडल्या जात. त्रुटी ज्ञात झाली की तिचा त्रास होत नाही, असं या उद्योगाचं मत आहे.

अशा बाईंना रशियातला एल्ब्रुस पर्वत चढावासा वाटावा, यात नवल नव्हतं. उंची पाच हजार सहाशे बेचाळीस मीटर, माथा बारा महिने हिमनद्यांखाली. लिफ्ट नसल्यामुळे सराव घरच्या घरी होत होता. नऊ मजले म्हणजे सत्तावीस मीटर, दिवसाला चार फेऱ्या, तीनशे तीस दिवस. दीपालीबाईंनी हिशेब वहीत मांडून ठेवला होता: पस्तीस हजार सहाशे चाळीस मीटर, म्हणजे सहा एल्ब्रुस आणि वर थोडं. (दूधवाल्याचे याच काळात अठ्ठावीस झाले. पण त्यानं रजा टाकली नव्हती, म्हणून ते मोहिमेत धरले जात नाहीत.)

बातमी खाली पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष बद्रीनाथ ढाकणे जिन्यानं वर आले. ते जागांचे व्यवहार करत. इमारतीतल्या निम्म्याहून अधिक सदनिका त्यांच्याच हातून विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे नववा मजला त्यांना आतापर्यंत फक्त नकाशावर माहीत होता. दारात उभं राहून त्यांनी पाच मिनिटं श्वास जमवला.

“मॅडम, आपण कधी परत येणार?”

“तेरा ऑगस्टला. पण चढता येईलच असं—”

“पंधरा ऑगस्टला सत्कार ठेवतो. झेंडावंदनाला माणसं जमतातच, जिलबी सांगितलेलीच आहे. फ्लेक्स आज टाकतो, पुढं गणपतीचं काम सुरू झालं की छापणारा फोन उचलत नाही.”

“अहो, पण अजून मी गेलेसुद्धा नाही.”

“म्हणून तर आलो ना. गेल्यावर घरी कसं भेटला असता?”

फ्लेक्स दहा फूट बाय सहा होता. वर मजकूर: ‘एल्ब्रुस शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली कार्यकारिणीचे अकरा चेहरे, प्रत्येकी ताटाएवढे. उजवीकडे कोपऱ्यात पर्वत, वाटीएवढा. पर्वतावर एका टिंबात दीपालीबाई. प्रमाण वास्तवाशी बरंच मिळतं होतं.

सोबत त्यांना संस्थेचं नाव छापलेलं एक पिवळं कापड देण्यात आलं. ते शिखरावर धरून फोटो काढायचा होता. संस्थेच्या सचिव विजयमाला दांडेकर यांनी त्याची पोच घेतली. विजयमालाबाईंची हयात कसबा पेठेत गेलेली. एका शाळेच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं रजिस्टरं सांभाळली होती. मुलानं इकडे सदनिका घेतली म्हणून त्या वाघोलीत आल्या, पण वाघोली त्यांना अजून पुणे म्हणून मान्य नव्हती.

“कापड परत करायचंय,” त्या म्हणाल्या. “स्वच्छ धुऊन. फोटो दिला नाहीत तरी चालेल, कापड लागेल.”

निघताना हे एवढंच वाक्य दीपालीबाईंना जरा धीर देऊन गेलं. त्यात एक शक्यता मोकळी ठेवलेली होती.

*

पर्वताबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. तो मोठा होता आणि पांढरा होता.

चढाईची पद्धत मात्र अभ्यासण्याजोगी होती. आधी खालच्या तळावरून थोडं वर जायचं, परत यायचं, झोपायचं. मग आणखी थोडं वर जायचं, परत यायचं, झोपायचं. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून हे करतात. चढलेलं दर वेळी उतरून टाकायचं, हे दीपालीबाईंना पटायला वेळ लागला नाही. कंपनीत याला पुनर्चाचणी म्हणतात आणि तिच्यासाठी कधीच वेळ मिळत नाही.

शेवटच्या दिवशी सहा जण एका दोराला बांधलेले होते. पुढं युरा नावाचा स्थानिक गाईड. तो इंग्रजी शब्द महिनाअखेरच्या साखरेसारखे जपून वापरी. त्यानं आदल्या दिवशी एकच नियम सांगितला होता: दुपारी एक वाजता जो जिथं असेल तिथून मागं फिरेल. माथा हाताच्या अंतरावर असला तरी.

दीपालीबाई दर अर्ध्या तासानं मनगटावरच्या यंत्रातली उंची एका छोट्या वहीत लिहीत होत्या. हातमोजा काढायचा, पेन्सिलीनं आकडा लिहायचा, हातमोजा घालायचा. युरा हे बघत होता.

बरोबर एक वाजता तो थांबला. उंची पाच हजार पाचशे तीस. आकाश स्वच्छ निळं होतं, माथा समोर दिसत होता, त्यावर उभी असलेली चार माणसं मोजता येत होती. पाय दुखत होते, पण चालत होते. हे सगळं मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढं ते कोणी ऐकून घेतलं नाही.

“पंधरा मिनिटं!” मागून बंगळूरचा एक जण ओरडला. “फक्त पंधरा मिनिटं. तो काय, समोर तर आहे!”

युरानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो दीपालीबाईंकडे वळला आणि वहीकडे बोट करून म्हणाला, “किती?”

त्यांनी शेवटचे चार आकडे पाहिले. वेग तासाला ऐंशी मीटर. उरलेलं अंतर एकशे बारा मीटर.

“पंधरा नाही,” त्या म्हणाल्या. “चौऱ्याऐंशी. मग उतरणं वेगळं. पश्चिमेला ढग आहे, सकाळी नव्हता.”

“मग?”

“खाली,” दीपालीबाई म्हणाल्या. “जाऊ नये.”

आणि सहाही माणसं मागं फिरली.

बंगळूरचाही फिरला. बडबडत फिरला, पण फिरला. दोराला बांधलेला होता. कोणी मीटिंग बोलावली नाही. कोणी ‘सकारात्मक राहू या’ असं म्हटलं नाही. कोणी ते एकशे बारा मीटर ज्ञात त्रुटींच्या कागदावर टाकून पुढं गेलं नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ‘नको’ म्हटलं आणि गोष्ट थांबली. दीपालीबाईंना गॉगलच्या आत रडू आलं. (उणे सतरा अंशांना हे करू नये. काच आतून गोठते आणि पुढची वीस मिनिटं उताराची केवळ कल्पना करावी लागते.)

अडीच वाजता ते बरेच खाली होते, तेव्हा वर पाहिलं तर माथा नव्हता. राखाडी भिंत होती. युरानं ती भिंत पाहिली, मग वही पाहिली आणि थर्मासमधला चहा आधी दीपालीबाईंना दिला. त्याच्या हिशेबानं बहुधा हा सत्कार होता.

*

पुण्यात उतरेपर्यंत दीपालीबाईंच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली होती. त्यांना हार नको होता, फ्लेक्स नको होता. त्यांना एवढंच हवं होतं की कुठंतरी, कोणत्यातरी कागदावर, त्या योग्य वेळी मागं फिरल्या असं लिहिलं जावं. आयुष्यात एकच पदक मिळावं आणि लोकांनी ते भलत्याच शर्यतीसाठी दिलं असं सांगत सुटावं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

विमानतळावर नवरा धम्मदीप आला होता. तो एका सरकारी खात्यात अभियंता होता. (कोणत्या, ते विचारू नये. तोही सांगत नाही.)

“शिखरावर गेले नाही मी,” गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या.

“किती राहिलं?”

“एकशे बारा मीटर.”

त्यानं सिग्नलपर्यंत मनात भागाकार केला. “म्हणजे अठ्ठ्याण्णव टक्के झालं. दीपा, आमच्याकडे साठ टक्क्यांना उद्घाटन होतं. ऐंशीला दुरुस्तीचं टेंडर निघतं.”

“मला ते झालं नाही असंच सांगायचंय.”

“सांग ना,” धम्मदीप प्रेमानं म्हणाला. “पण फाटकावरचा फ्लेक्स आधी बघून घे. त्यावर आता कडेला मी पण आहे. टाळ्या वाजवताना.”

कंपनीचं काम उरकलेलंच होतं. त्या मॉस्कोच्या विमानतळावर झोपलेल्या असताना मॅनेजर अभिनवनं साडेतीन हजार कर्मचाऱ्यांना मेल पाठवली होती: ‘आपल्या दीपालीनं हार मानली नाही!’ दीपालीबाईंनी लगेच खुलासा कळवला. अभिनवचं उत्तर चार मिनिटांत आलं. ‘हाहा, सो हम्बल! नेक्स्ट वीक टीमला एक सेशन घे ना. विषय: माघार नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी घरकामाला कांताबाई आल्या. त्या अकरा वर्षं रोज सहा इमारतींचे जिने चढत होत्या.

“वर देऊळ आहे का हो, ताई?”

“नाही.”

“मूर्ती? पादुका? काहीच न्हाई?”

“बर्फ आहे नुसता.”

कांताबाईंनी भांडी घासता घासता विचार केला. “देऊळ असतं आन दर्शन न घेता आला असता, तर येगळं. वर काहीच न्हाई म्हणल्यावर कुठनं परत आलं काय, सारखंच की.” जरा वेळानं त्या म्हणाल्या, “पर मग गेला कशाला हुता?”

या प्रश्नाचं उत्तर गिर्यारोहणाच्या इतिहासात समाधानकारक मिळालेलं नाही. दीपालीबाईंनी कांताबाईंना चहा दिला.

*

चौदा तारखेला संध्याकाळी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. जागा: व्यायामशाळा. (व्यायामाची साधनं अद्याप यायची असल्यामुळे खोली ऐसपैस आहे.) दीपालीबाईंनी पिवळं कापड धुऊन, इस्त्री करून, घडी घालून विजयमालाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि पोचेवर सही केली. मग दीपालीबाईंनी आपलं म्हणणं मांडलं. कोणीतरी खिडकी लावून घेतली.

“मॅडम,” बद्रीनाथ म्हणाले, “नक्की किती राहिलं?”

“एकशे बारा मीटर.”

“फुटात बोला.”

“तीनशे सदुसष्ट.”

“चौरस?”

“नाही हो, साधे. उभे.”

“उभे!” बद्रीनाथांचा जीव भांड्यात पडला. “मग घाबरवता कशाला? उभं कोण मोजतं?”

“पर्वत उभाच मोजतात.”

बद्रीनाथांचा चेहरा उजळला. गिऱ्हाइकाला चावी देताना तो असाच उजळतो.

“आपली सदनिका किती आहे?”

“करारात नऊशे दहा चौरस फूट.”

“आणि आत, चटईक्षेत्र?”

“सातशे.”

“मग दोनशे दहा गेले कुठं?”

दीपालीबाईंना हे सहा वर्षं विचारायचं होतं. “जिन्यात, लॉबीत, व्हरांड्यात, असं आपणच सांगितलं होतंत. तीस टक्के लोडिंग. सुपर बिल्टअप.”

“लिफ्टची जागा धरली होती?”

“हो.”

“लिफ्ट चालते?”

“नाही.”

“तरी धरली ना? सहा वर्षांत तुम्ही तक्रार केलीत? कोणी केली?” बद्रीनाथांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. “आता मला सांगा, तिकडे तुम्ही एकदाच चढलात का?”

“नाही. सवय होण्यासाठी तीनदा वर जाऊन खाली आलो.”

“ते कुठं गेलं?”

“ते मोजत नाहीत.”

“बघा!” बद्रीनाथ उभे राहिले. “हा अन्याय आहे. बाईंनी चढायचं आणि रशियानं मोजायचं नाही! ती सगळी सामाईक जागा आहे. तुम्ही म्हणता ते पाच हजार पाचशे तीस हे नुसतं चटईक्षेत्र झालं. त्यावर तीस टक्के चढवा. दांडेकर बाई, करा गुणाकार.”

विजयमालाबाईंनी कागदावर गुणाकार केला. “सात हजार एकशे एकोणनव्वद. हातचे तपासलेत.”

“आणि शिखर?”

“पाच हजार सहाशे बेचाळीस.”

“म्हणजे मॅडम शिखराच्या किती वर गेल्या?”

“पंधराशे सत्तेचाळीस मीटर,” विजयमालाबाई म्हणाल्या. “तिथं हवेशिवाय काही नसावं. पण गुणाकार बरोबर आहे.”

“साहजिकच मग परत यावं लागलं,” बद्रीनाथ समजुतीनं म्हणाले. “आणि येताना शिखर मागं राहिलं. यात कमीपणा काय?”

एका सभासदानं शंका काढली की मोहीम अपूर्ण राहिल्याचं बाहेर कळलं तर काय. त्यावर खजिनदारांनी निदर्शनास आणलं की इमारतीला पूर्णत्वाचा दाखला अजून मिळालेला नाही. आपण सहा वर्षं जिथं राहतोय, लग्नं-मुंजी करतोय, ती वास्तूच कागदोपत्री अपूर्ण आहे, आणि कोणाचं काही अडलेलं नाही. शंका मागं घेण्यात आली. सात हजार एकशे एकोणनव्वद मीटरचा ठराव एकमतानं मंजूर झाला. फ्लेक्सवर आकड्याची पट्टी चिकटवायची आणि तळमजल्यावर पितळी पाटी लावायची असंही ठरलं.

“पण मी उद्या खरं सांगणार,” दीपालीबाई म्हणाल्या.

“सांगा की,” बद्रीनाथ म्हणाले. “विनम्र माणसं लोकांना आवडतात.”

बैठक संपताना विजयमालाबाईंनी एक बारीकशी सूचना मांडली. उद्या दीडशेच्या वर माणूस जमणार. एरवी सर्वसाधारण सभेला गणसंख्या भरत नाही. तेव्हा सत्कारालाच विशेष सर्वसाधारण सभा म्हणावं, आवारातल्या पाण्याच्या टाकीचा रखडलेला विषयही त्यात निघून जाईल. अध्यक्षांना कल्पना पसंत पडली. त्यांनी न वाचता सही केली. नोटिशीच्या मुदतीचं काय, असं कोणी विचारलं नाही, कारण कोणाला मुदत माहीत नव्हती.

जिन्यात, चौथ्या मजल्यावर दम खाताना, विजयमालाबाई दीपालीबाईंना म्हणाल्या, “उद्या बोलताना सावकाश बोला.”

“का हो?”

“मला लिहून घ्यायचं असतं.” आणि त्या आपल्या दारात शिरल्या. शुभ रात्री वगैरे म्हणण्याची कसब्यात पद्धत नव्हती.

*

सत्कार व्यवस्थित पार पडला. प्रमुख पाहुणे पन्नास मिनिटं उशिरा आले, म्हणजे वेळेवर आले. ते पर्वतावर वीस मिनिटं बोलले आणि त्यांपैकी चार मिनिटं पर्वताबद्दल होती. शाल झाली, श्रीफळ झालं. निवेदिकेनं ‘सात हजार एकशे एकोणनव्वद’ हा आकडा तीनदा उच्चारला आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. मग दीपालीबाई माइकसमोर उभ्या राहिल्या.

“मी शिखरावर गेले नाही,” त्या म्हणाल्या. सावकाश म्हणाल्या.

टाळ्या.

“हे मी नम्रतेनं म्हणत नाही. शिखर एकशे बारा मीटर वर होतं, मी खाली होते.”

आणखी टाळ्या. मागच्या रांगेतून शिट्टी.

“हवा चांगली होती. माझी तब्येत चांगली होती. कोणी मला अडवलं नाही. दुपारी एकची वेळ झाली, म्हणून मीच जाऊ नये म्हटलं आणि आम्ही परत फिरलो. त्या दिवशी मी केलेलं सगळ्यांत चांगलं काम तेच होतं.”

या वेळी लोक उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी डोळे पुसले. “किती साधी बाई,” ते शेजाऱ्याला म्हणाले, “सात हजार मीटर चढून आली आणि बघा कशी बोलतेय.”

निवेदिकेनं माइक घेतला. “याला म्हणतात विनय! मॅडम, आता एकच शेवटचा प्रश्न, सगळ्यांच्या मनातला. परत कधी जाणार?”

“नाही जाणार,” दीपालीबाई म्हणाल्या. “आता काही राहिलेलं नाही.”

पण जिलबी आली होती, आणि जिलबीपुढं खुलासा टिकत नाही.

व्यासपीठाच्या कडेला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, विजयमालाबाई मांडीवरच्या वहीत लिहीत होत्या. त्यांनी एकदाही टाळी वाजवली नाही. हात रिकामे नव्हते.

त्यानंतरच्या आठवड्यात दीपालीबाईंनी बासष्टावा ‘देऊ नये’ लिहिला. प्रोग्रॅम शुक्रवारी गेला. “अगं, तू एल्ब्रुस काढलास,” अभिनव म्हणाला, “तुझ्यापुढं हे काय आहे!” पितळी पाटी तळमजल्यावर बसली, बंद लिफ्टच्या शेजारी, म्हणजे जिथं माणसं सर्वांत जास्त वेळ उभी राहून वाट बघतात तिथं.

*

सप्टेंबरच्या अखेरीस वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. गणसंख्या भरली नाही म्हणून सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं त्याच खुर्च्यांवर त्याच एकोणीस जणांत पुन्हा भरली. विषय क्रमांक एक: मागील विशेष सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विजयमालाबाईंनी चष्मा लावला आणि वही उघडली.

“वाचलं असं समजा हो, बाई,” बद्रीनाथ म्हणाले.

“वाचते की. मला घाई नाही.”

“अहो, नंतर टँकरचा विषय आहे. मंजूर, मंजूर.”

“मंजूर,” एकोणीस जण म्हणाले. एकशे चौऱ्याऐंशी सदनिकांच्या वतीनं इतिवृत्त एकमतानं कायम झालं, आणि बाईंनी शिक्का मारला. त्या इतिवृत्ताची एक सत्यप्रत दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पाच जिने चढून नवव्या मजल्यावर नेऊन दिली. तीत विषय क्रमांक तीन पुढीलप्रमाणे होता:

‘श्रीमती दीपाली गजभिये यांनी निवेदन केले की त्या शिखरावर गेल्या नाहीत. शिखराच्या एकशे बारा मीटर खालून, दुपारी एक वाजता, हवा उत्तम व प्रकृती ठीक असताना, स्वतःच्या निर्णयाने त्या परत फिरल्या व सोबतच्या पाच जणांस परत फिरवले. सभेने उभे राहून, टाळ्या वाजवून या निर्णयास मान्यता दिली. हरकत: नाही.’

खाली संस्थेचा गोल शिक्का आणि अध्यक्षांची सही.

दीपालीबाईंनी ते दोनदा वाचलं. “बाई, कोणी वाचलं नाही म्हणून हे मंजूर झालं.”

“मग?” विजयमालाबाई म्हणाल्या. “एकतीस वर्षं मी जे जे खरं लिहिलं, ते असंच मंजूर झालं.” त्या पाणी पिऊन खाली गेल्या.

सत्यप्रत आता दीपालीबाईंच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या चौकटीत आहे, शिखराचा फोटो लागला असता त्याच खिळ्यावर. पाहुणे येतात, चौकटीकडे पाहतात, फोटो नाही म्हणून खट्टू होतात आणि चहाचा पहिला घोट घेऊन विचारतात, “मग, राहिलेलं कधी पूर्ण करताय?”

सुज्ञ वाचक मात्र वेगळा. त्यानं इथवर अक्षर न् अक्षर वाचलं आहे आणि आल्प्स व्ह्यूच्या सभासदांना तो मनोमन हसतो आहे. फक्त, दीपालीबाई पुढच्या उन्हाळ्यात जाऊन ते एकशे बारा मीटर चढून येतील, याची मागची काही पानं आपण मनातल्या मनात वाट पाहत होतो का, एवढं एकदा स्वतःशी तपासून घ्यावं. पाहत असाल तर संकोच करू नये. फेज दोनमध्ये अजून तीन सदनिका शिल्लक आहेत. क्षेत्रफळ बद्रीनाथ सांगतील.